झडपेचे ऑपरेशन नागपुरात, ताप आला गावात. आता विचारायचे कोणाला?

यवतमाळ : हृदयाची झडप, म्हणजे व्हॉल्व बदलण्याचे ऑपरेशन आता गरिबाच्याही आवाक्यात आले आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसते. १ जुलै २०२४ पासून ही योजना पिवळ्या-केशरी कार्डापुरती राहिली नाही. राज्यातील सगळ्याच कुटुंबांना ती लागू झाली आणि संरक्षण वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत गेले. शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत यवतमाळ असल्याने इथल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना तर त्याआधीच योजनेत घेतले होते. त्यामुळे एकेकाळी शेत विकून करावे लागणारे ऑपरेशन आज एक रुपया न भरता होऊ शकते. ही मोठी गोष्ट आहे.

मात्र खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. पेशंट आठ-दहा दिवसांत घरी येतो. छातीवर मधोमध टाके, हातात जाड फाईल, पिशवीत गोळ्या. गावात सगळे भेटायला येतात, ‘आता बरं वाटून राहिलं का?’ विचारतात. आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काहीतरी सुरू होते. संध्याकाळी ताप येतो. छातीत धडधड होते. झोपलं की दम लागतो. लघवी काळसर होते. बोटांना मुंग्या येतात. ऑपरेशन करणारा डॉक्टर दीडशे किलोमीटरवर आणि गावातल्या डॉक्टरने ती फाईल कधी पाहिलेली नाही. हे साधे आहे की जीवावरचे, हे ठरवायचे कोणी? आजच्या व्यवस्थेत ते काम घरच्यांवर पडते. ऑपरेशन योजनेत बसले, पण लक्षणाचा अर्थ लावणे कुठेच बसले नाही, ही यातली खरी उणीव आहे.

झडप खराब होते ती कशाने?

शहरात झडपेचा आजार बहुतेक म्हातारपणाचा. महाधमनीच्या झडपेवर चुना साचतो, ती उघडत नाही. ग्रामीण भागात मात्र अजूनही मोठे कारण वेगळे आहे, ते म्हणजे संधिवाताचा ताप. लहानपणी घसा सुजतो, स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूचा संसर्ग होतो, त्यावर नीट उपचार होत नाहीत. काही मुलांत दोन-तीन आठवड्यांनी गुडघे, घोटे सुजतात. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा आतून जाड होऊन चिकटू लागतात. दहा-पंधरा वर्षांनी दम लागायला लागतो. दाटीवाटीची घरे, कुपोषण आणि दवाखाना लांब, असे जिथे असते तिथे हा आजार टिकून राहतो. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने या आजाराबाबत स्वतंत्र ठराव केला, तो यासाठीच.

याचा अर्थ असा की आपल्याकडचा झडपेचा पेशंट अनेकदा वीस ते पंचेचाळीस वयाचा असतो. त्यात बायकांचे प्रमाण जास्त. तो घरातला कमावता असतो, नाहीतर ती दोन लेकरांची आई असते. अंथरुणावर महिनाभर पडून राहणे दोघांनाही जमत नाही. पेरणी किंवा कापूस वेचणी तोंडावर असली तर अजिबातच नाही.

दोन प्रकारच्या झडपा, एक जन्माची गोळी

बदलून बसवायची झडप दोन प्रकारची असते. एक धातू-कार्बनची, दुसरी जनावराच्या पेशींपासून बनवलेली, जिला टिश्यू व्हॉल्व म्हणतात. टिश्यू झडप साधारण दहा-पंधरा वर्षे चालते, तरुण माणसात त्याहून लवकर झिजते. म्हणून तरुणांना बहुधा धातूची झडप बसवतात. भारतात हे शक्य झाले त्यात मोठा वाटा तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेचा आहे. डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तिथे तयार झालेली ‘चित्रा’ झडप ६ डिसेंबर १९९० रोजी पहिल्यांदा माणसाला बसवली गेली. बाहेरून आणाव्या लागणाऱ्या झडपांच्या तुलनेत ती बरीच स्वस्त होती.

धातूच्या झडपेची एक अट असते. तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. टिश्यू झडपेलाही ती बहुतेकदा पहिले तीन महिने तरी देतात. ही गोळी म्हणजे वॉरफरिन किंवा असिनोकुमरॉल. शेतकऱ्याला वॉरफरिनचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. अमेरिकेत सडका चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. त्या चाऱ्यातला घटक शोधता शोधता हे औषध सापडले. १९४८ मध्ये ते उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झाले. मात्रा बरोबर असेल तर ही गोळी जीव वाचवते. कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव.

ही मात्रा ठरते ‘आयएनआर’ नावाच्या रक्तचाचणीवर. गोळी न घेणाऱ्या माणसाचा आकडा १ च्या आसपास असतो. धातूची झडप असलेल्याचा तो साधारण २ ते ३, आणि झडप मायट्रल जागेची असेल तर २.५ ते ३.५ च्या दरम्यान ठेवतात. नेमका आकडा पेशंटनुसार सर्जन ठरवतो. ऑपरेशननंतर पहिल्या काही आठवड्यांत हा आकडा खूप वरखाली होतो. त्यामुळे सुरुवातीला आठवड्याला, कधी त्याहूनही लवकर आणि स्थिर झाल्यावर महिन्याला चाचणी लागते. सर्वांत जास्त चाचण्या ज्या काळात लागतात, नेमक्या त्याच काळात पेशंट दवाखान्यापासून सर्वांत लांब असतो.

घाबरवणारी, पण बहुधा साधी लक्षणे

छातीचे मधले हाड कापून तारेने जोडलेले असते. ते जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर कूस बदलताना, खोकताना दुखणे, खांदे-पाठ भरून येणे हे अपेक्षित आहे. हाड फाकवताना मानेजवळच्या नसा ताणल्या जातात, म्हणून काहींच्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. बहुतेकांच्या त्या काही आठवड्यांत जातात. श्वासनलिकेतल्या नळीमुळे काही दिवस आवाज बसतो. भूक जाते, तोंडाला चव राहत नाही, रात्री झोप लागत नाही.

धातूची झडप असेल तर शांत खोलीत घड्याळासारखी टकटक ऐकू येते. घरचे घाबरतात, पण तो झडप चालू असल्याचा आवाज आहे.

मनाचेही तसेच. हार्ट-लंग मशीनवर झालेल्या मोठ्या ऑपरेशननंतर काही पेशंटना विसरल्यासारखे होते, वाईट स्वप्ने पडतात, उगाच रडू येते. गावात लगेच ‘बाहेरचं झालं’ म्हणून अंगारे-धुपारे सुरू होतात. ही उदासी वैद्यकशास्त्राला माहीत असलेली गोष्ट आहे आणि बहुतेकांची ती हळूहळू कमी होते. दोन-तीन आठवड्यांनी कमी होण्याऐवजी वाढत असेल, जेवण-बोलणे बंद होत असेल, तर डॉक्टरला सांगितलेच पाहिजे.

ही सगळी माहिती डिस्चार्जच्या वेळी पाच मिनिटांत सांगता येते. ती मराठीत, कागदावर मिळाली तर निम्मी धावपळ वाचेल.

साधी वाटणारी, पण जीवावरची लक्षणे

खरी अडचण उलट बाजूची आहे. काही लक्षणे गावात रोजच दिसतात, त्यामुळे कोणी दचकत नाही. झडपेच्या पेशंटमध्ये मात्र त्यांचा अर्थ वेगळा असतो.

पहिले लक्षण धडधड. झडपेच्या ऑपरेशननंतर साधारण तीनातल्या एका पेशंटला हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा त्रास होतो. बहुतेकदा तो दवाखान्यातच, पहिल्या चार-पाच दिवसांत होतो, पण घरी आल्यावरही होऊ शकतो. ‘घाबरल्यासारखं होऊन राहिलं’ असे पेशंट सांगतो आणि त्याला ‘टेन्शन घेऊ नको’ म्हणून परत पाठवले जाते. त्याऐवजी एक ईसीजी काढला तर दोन मिनिटांत कळते.

दुसरे लक्षण दम आणि सूज. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी किंवा रक्त साचू शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्याने हा धोका वाढतो. उभे राहिले की चक्कर, झोपले की दम, लघवी कमी, मानेच्या शिरा फुगलेल्या, बीपी उतरलेले. वरवर पाहता ‘अशक्तपणा’ वाटतो आणि सलाईन लावून पेशंट घरी जातो. इकोची तपासणी केली तर पाणी लगेच दिसते आणि सुईने काढता येते. उशीर झाला तर हृदय दाबले जाऊन माणूस दगावतो.

तिसरे, टकटक आवाज मंद होणे किंवा थांबणे आणि सोबत दम वाढणे. झडपेत गुठळी अडकल्याची ही खूण असू शकते. गोळी दोन-चार दिवस चुकलेल्या पेशंटमध्ये तर ही शंका आधी घ्यायची. हे सकाळपर्यंत थांबण्याचे काम नाही.

चौथे, तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, भले ते दहा मिनिटांत बरे झाले तरी. लकवा मारला म्हणून जडीबुटीवाल्याकडे नेण्यात जे तास जातात ते परत मिळत नाहीत.

पाचवे, काळसर किंवा लालसर लघवी, डोळे पिवळे, चेहरा पांढराफटक. गावात याला कावीळ म्हणतात आणि पाला देतात. झडपेच्या कडेने गळती होत असेल तर तिथून जोराने जाणाऱ्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि हीच लक्षणे दिसतात. गोळी जास्त होऊन लघवीतून रक्त जात असेल तरी रंग बदलतो. काळी, डांबरासारखी शौच, हिरड्यांतून रक्त, न लागता उठणारे काळे-निळे डाग ही गोळी जास्त झाल्याची लक्षणे आहेत. डोक्याला मार लागला असेल तर जखम दिसत नसली तरी दवाखाना गाठायचा.

सर्वांत फसवा तो ताप

ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांत अंग थोडे गरम राहू शकते. घरी आल्यावर नव्याने आलेला ताप मात्र कधीच ‘असाच’ समजायचा नाही. छातीच्या जखमेत पू असू शकतो. हृदयाच्या पिशवीला सूज असू शकते, ती काही आठवड्यांनी तापासोबत छातीत दुखण्याने कळते. किंवा सर्वांत वाईट म्हणजे नव्या झडपेवरच जंतू बसलेले असू शकतात.

पावसाळ्यात यवतमाळच्या गावागावांत मलेरिया, डेंग्यू, टायफॉईडचा ताप असतो. म्हणून झडपेचा पेशंटही त्याच रांगेत बसतो. त्याला एक अँटिबायोटिक, एक दुखण्याची सुई, एक सलाईन मिळते. या तिन्ही गोष्टी त्याला महागात पडू शकतात.

अँटिबायोटिक सुरू झाले की रक्तातले जंतू काही काळ दबतात. पुढे नागपूरला ‘ब्लड कल्चर’ केले तरी त्यात काही सापडत नाही आणि नेमका जंतू कोणता, हेच कळेनासे होते. म्हणून नियम सोपा आहे, आधी कल्चरचे रक्त घ्यायचे आणि मग औषध. शिवाय मेट्रोनिडाझोल, कोट्रायमोक्साझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन अशी नेहमीची औषधे वॉरफरिनचा जोर वाढवतात आणि आयएनआर वर चढतो.

दुखण्याची सुई म्हणजे बहुधा डायक्लोफिनॅक. रक्त पातळ असलेल्या माणसाच्या कमरेत सुई टोचली की स्नायूत रक्त साचून गोळा येतो. औषध स्वतःच पोटात रक्तस्राव वाढवते. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल बहुधा जास्त सुरक्षित, तेही डॉक्टरला विचारून. आणि हृदय अशक्त असताना भराभर दिलेले सलाईन फुप्फुसात पाणी करते.

ताप लांबला, वजन उतरले, रात्री घाम आला की आपल्याकडे पहिली शंका टीबीची. ती घ्यायलाच हवी. पण टीबीच्या औषधातले रिफॅम्पिसिन वॉरफरिनचा परिणाम जोरात कमी करते. मात्रा न वाढवता ते सुरू केले तर गुठळी होऊ शकते. बरे, त्या लक्षणांचे कारण झडपेचा संसर्गही असू शकतो. स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे हृदयाच्या ऑपरेशननंतर महिन्यांनी, कधी वर्षांनी काही पेशंटना असाच ताप, घाम आणि वजन घटण्याचा त्रास झाला होता. कारण सापडत नव्हते. अखेर शोध लागला की ऑपरेशन थिएटरमध्ये रक्ताचे तापमान राखणाऱ्या यंत्राच्या पाण्यातून टीबीच्याच कुळातला एक संथ वाढणारा जंतू पसरला होता. नेहमीच्या कल्चरमध्ये तो सापडतच नाही. २०१५ मध्ये हा अहवाल आला आणि पुढे अनेक देशांत असे पेशंट सापडले. हे दुर्मीळ आहे. पण पेशंट ‘काहीतरी बिघडलं’ म्हणत असेल आणि रिपोर्ट नॉर्मल येत असतील, तर पेशंटला खोटे ठरवण्याआधी पुन्हा शोधायला हवे, एवढे त्यातून नक्की कळते.

तोंडाचा मुद्दा आपल्या भागात वेगळा लिहावा लागतो. खर्रा खाऊन हिरड्या सडलेल्या असतात. दात दुखला की तालुक्याच्या बाजारात उपटून घेतला जातो. किडलेल्या दातातले जंतू रक्तातून थेट नव्या झडपेवर बसू शकतात. म्हणून कृत्रिम झडप असलेल्याने दात काढण्यापूर्वी सांगायचे, अँटिबायोटिकचा डोस आधी घ्यायचा आणि आयएनआर पाहायचा. रक्त थांबणार नाही म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

अंतराचे गणित

जिल्ह्यात १६ तालुके आहेत. यवतमाळहून नागपूर सुमारे १५० किलोमीटर. सावंगी मेघे किंवा सेवाग्राम त्यापेक्षा जवळ, वर्ध्याच्या बाजूला. पण उमरखेडच्या माणसाला यवतमाळच शंभर किलोमीटरहून लांब, तो नांदेडकडे वळतो. वणी, मारेगावचा माणूस चंद्रपूर-नागपूर धरतो. झरी-जामणीच्या कोलाम पोडावरून तालुक्याला यायचेच अर्धा दिवस जातो.

आता एका आयएनआरचा हिशेब मांडू. चाचणीचे पैसे काही शे रुपये. पण पेशंटसोबत एक माणूस लागतो. दोघांचे एसटीचे भाडे, दोघांची बुडालेली मजुरी, वर जेवण. रिपोर्ट संध्याकाळी मिळाला तर मुक्काम. पहिल्या दोन महिन्यांत हे सहा-सात वेळा करायचे. ऑपरेशन मोफत झालेल्या कुटुंबाचे कर्ज इथे सुरू होते. मग एक फेरी टळते, मग दुसरी. ‘बरं वाटून राहिलं, कशाले जायचं?’ हा आळस नाही, हिशेब आहे.

योजनेत याची अजिबात सोय नाही असे म्हणता येणार नाही. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ती सुरू झाली तेव्हाच ९७१ उपचारांसोबत १२१ ‘फॉलो-अप’ पॅकेज होती. म्हणजे ऑपरेशननंतरच्या तपासण्या आणि औषधे हा योजनेचाच भाग आहे, हे तत्त्व पहिल्यापासून मान्य होते. मात्र त्यासाठी पेशंटला पुन्हा त्या मोठ्या रुग्णालयात जावे लागते. बाजूच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन हक्काने आयएनआर करून घ्यावी, मात्रा विचारावी, असा रस्ता त्याला कोणी दाखवत नाही.

यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात अकोला, लातूर, औरंगाबादसोबत निवड झाली होती. सुपर स्पेशालिटीची चर्चा जिल्ह्यात नेहमी इमारत, खाटा आणि यंत्रे यावर अडकते. झडपेच्या पेशंटला मात्र रोज लागतात त्या तीनच साध्या गोष्टी : आयएनआर, ईसीजी-इको आणि फोन उचलणारा डॉक्टर.

लक्षण वेळेत न ओळखण्याची किंमत या जिल्ह्याने आधी मोजली आहे. २०१७ च्या खरिपात फवारणीतून विषबाधा होऊन यवतमाळमध्ये विसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा विशेष चौकशी पथक नेमले गेले, संरक्षक किटची चर्चा झाली. झडपेच्या पेशंटचा प्रश्न त्याहून शांत आहे. ते एकेकटे, वेगवेगळ्या गावांत दगावतात आणि ‘ऑपरेशन यशस्वी झालं नाही’ एवढेच लोक म्हणतात. त्यांची वेगळी नोंद व्हायला हवी, नाहीतर प्रश्न दिसणारच नाही.

सुनेचा, मुलीचा प्रश्न

झडप बदललेल्या तरुण बाईच्या बाबतीत एक गोष्ट लाजेपोटी कोणी बोलत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळीने पाळीत जास्त रक्त जाऊ शकते. ती कोणाला सांगत नाही, हिमोग्लोबिन उतरत जाते, दम लागतो आणि सगळे समजतात झडप बिघडली.

दुसरे गर्भधारणेचे. वॉरफरिन गर्भाला, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, घातक ठरू शकते. पण दिवस राहिले म्हणून गोळी एकदम बंद केली तर झडपेत गुठळी होऊन आईचा जीव जाऊ शकतो. म्हणून मूल हवे असेल तर आधी डॉक्टरशी बोलायचे आणि पाळी चुकली तर त्याच आठवड्यात सांगायचे. हे नवऱ्याला आणि सासूलाही माहीत असले पाहिजे. लग्न ठरवताना ऑपरेशन लपवले, फाईल माहेरी ठेवली, असे झाले तर तिच्या तापाचा अर्थ सासरी कोणालाच लागणार नाही.

फार पैसा न लागता काय होऊ शकते?

पहिले, प्रत्येक तालुक्यात आठवड्यातून एक ‘आयएनआर दिवस’. रक्त सकाळी घ्यायचे, आकडा त्याच दिवशी फोनवर कळवायचा. बोटातून थेंबभर रक्त घेऊन काही मिनिटांत आयएनआर सांगणारे छोटे यंत्र आता मिळते. पुसद, दारव्हा, पांढरकवडा येथील उपजिल्हा रुग्णालयांत असे एकेक यंत्र ठेवणे जिल्हा नियोजन समितीच्या निधीला जड नाही.

दुसरे, मराठीत एक पानाचे कार्ड. झडप कोणती, कोणत्या जागी, कधी बसवली, आयएनआर किती हवा, कोणती औषधे टाळायची, कोणत्या लक्षणाला त्याच दिवशी निघायचे आणि ऑपरेशन केलेल्या विभागाचा फोन. इंग्रजी डिस्चार्ज समरी डॉक्टरसाठी असते, हे कार्ड घरच्यांसाठी.

तिसरे, ई-संजीवनी. गावपातळीवरच्या आरोग्य मंदिरातून व्हिडिओवर तज्ज्ञ डॉक्टरशी बोलण्याची ही सरकारी सोय २०१९ पासून आहे. ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात या मार्गाने तपासणी ठरवून दिली तर निम्म्या फेऱ्या वाचतील.

चौथे, आशाताईच्या यादीत हे पेशंट घ्यावेत. बाळंतिणीकडे ती ठरलेल्या दिवशी जाते, तशी झडपेच्या पेशंटकडे पहिल्या तीन महिन्यांत गेली, ताप मोजला, गोळ्या मोजल्या, पायावरची सूज पाहिली, तर पुष्कळ गोष्टी वेळेत पकडता येतील.

पाचवे, पेनिसिलीन. संधिवाताच्या तापामुळे झडप गेलेल्या पेशंटला ऑपरेशननंतरही तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलीनची सुई बहुतेकदा चालू ठेवावी लागते, नाहीतर उरलेल्या झडपा जातात. रक्त पातळ असताना ती कशी द्यायची, हे आयएनआर पाहून डॉक्टर ठरवतात, नाहीतर गोळ्यांचा पर्याय देतात. मुळात नवे पेशंट कमी व्हायचे असतील तर शाळेतली तपासणी महत्त्वाची. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा हृदयरोग आहे. आश्रमशाळेतल्या मुलाचा दुखरा घसा आणि सुजलेले गुडघे वेळेत दिसले तर पुढचे ऑपरेशनच टळते.

डिस्चार्जच्या दिवशी विचारायचे प्रश्न

व्यवस्था सुधारेल तेव्हा सुधारेल. तोवर घरच्यांनी रुग्णालय सोडण्याआधी आरोग्यमित्राला आणि डॉक्टरला काही गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात. या ऑपरेशनला फॉलो-अप पॅकेज आहे का आणि त्यात काय मिळते? पुढची आयएनआर कोणत्या तारखेला, आकडा किती हवा, रिपोर्ट कोणाला कळवायचा? ताप आला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा? कोणती सुई-गोळी चालणार नाही? वजन कधीपासून उचलायचे? साधारण तीन महिने पाण्याचा गुंड, कापसाचे गाठोडे, बैलजोडी यांना हात लावायचा नाही, हे घरच्यांसमोर डॉक्टरकडूनच वदवून घेतलेले बरे.

खाण्याबाबत गैरसमज फार आहेत. मेथी, पालक, चवळी, सांबार पूर्ण बंद करायची गरज नसते. पालेभाजीतले व्हिटॅमिन ‘के’ गोळीचा जोर कमी करते, म्हणून प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखे ठेवायचे. पावसाळ्यात तरोटा निघाला म्हणून आठ दिवस तेच आणि मग महिनाभर काहीच नाही, असे नको. दारू, जडीबुटी आणि शेजाऱ्याने दिलेली गोळी मात्र नकोच.

दररोज सकाळी वजन, दिवसातून एकदा ताप, गोळी घेतल्याची खूण आणि काही वेगळे वाटले तर ते, हे एका वहीत लिहिले तरी पुरे. पाच किलोमीटरवरचा डॉक्टर असो की दीडशेवरचा, त्याला त्या वहीतून जे कळेल ते पाच मिनिटांच्या बोलण्यातून कळणार नाही.

योजनेबाबत अडचण असल्यास १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या टोल फ्री क्रमांकावर विचारता येते. दम, बेशुद्धी, लकव्याची लक्षणे किंवा न थांबणारा रक्तस्राव असेल तर थेट १०८. गाडी येताच पहिले वाक्य हेच सांगायचे, ‘पेशंटच्या हृदयाची झडप बदललेली आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे.’ आणि फाईल सोबत घ्यायची.